इच्छा एकाची, क्रियापद दुसऱ्याचं

स्पॅनिश शिकायची माझी बिलकुल इच्छा नव्हती. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या निर्यात विभागात मी पत्रव्यवहार बघते. इंग्रजीत पत्रं लिहायची, कागद जोडायचे, पेट्यांवरचे नंबर जुळवायचे, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मग मेक्सिकोचा एक मोठा ग्राहक मिळाला आणि विभागातल्या एका तरी माणसाला स्पॅनिश यायला पाहिजे असं आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं. ते माणूस मी ठरले. बाकीच्यांनी वेळेवर मान खाली घालून मोबाइल बघायला सुरुवात केली होती आणि मला ते सुचलं नव्हतं.

साहेबांविषयी आधीच सांगून टाकते. मला त्यांची किळस येते. तोंडात कायम सुपारी. बोलता बोलता टेबलाखालच्या डब्यात थुंकतात, हातानं ओठ पुसतात आणि तोच हात पाहुण्यांच्या हातात देतात. खोलीत बियाण्याला लावायच्या गुलाबी औषधाचा वास, कागदी कपात विरघळून तळाला बसलेलं बिस्कीट, आणि भिंतीवर यशाबद्दलची इंग्रजी वाक्यं. पण मी सांगणार आहे त्या गोष्टीत टेंभुर्णीकडच्या एका बाईचा प्लॉट गेला, आणि त्या गोष्टीत साहेबांपेक्षा माझं तोंड घाण झालं. म्हणून साहेबांना फार नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तरी ठेवते.

क्लास सकाळी सहाला, ऑनलाइन. पडद्यावर तीस-चाळीस चौकोन, त्यांतले निम्मे काळे. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुणी आवाज बंद करायला विसरून खळाखळा गुळण्या करतंय. पुण्याच्या शिक्षिका इतक्या उत्साही की चुकीच्या उत्तरालाही 'मुय ब्येन' म्हणायच्या, म्हणजे फार छान. फार छान काहीच नव्हतं. पहिले दोन महिने आम्ही रंग आणि फळं पाठ केली. जालन्यात बसून अननसाला काय म्हणतात ते मी घोकत होते आणि स्वतःला शिव्या देत होते.

तिसऱ्या महिन्यात सब्जुन्तिवोचा, म्हणजे इच्छा सांगणाऱ्या रूपाचा, धडा आला. नियम सरळ होता. क्रियापदाचं वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्यायचं. आब्लो म्हणजे मी बोलते, कोमो म्हणजे मी खाते, बिबो म्हणजे मी जगते. शेवटचा 'ओ' काढून टाकायचा आणि शेवटच्या स्वरांची अदलाबदल करायची. मूळ क्रियापदाच्या शेवटी 'आर' असेल तर त्याला 'ए' लावायचा: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. शेवटी 'एर' किंवा 'इर' असेल तर 'आ' लावायचा: कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. बिबा, बिबास, पुढे तसंच. 'मी'चं आणि 'तो'चं रूप एकच. वहीत दोन खाने पाडून मी सगळं उतरवून घेतलं.

वापरायचं कधी, हे मात्र मला त्यात आवडलं. मी काय करते, काय खाते हे नुसतं सांगायचं असेल तर हे रूप लागत नाही. कुणाला काही हवं आहे, आशा आहे, शंका आहे, भीती आहे, किंवा अमुक केलेलं बरं असं म्हणायचं आहे, तेव्हा ते लागतं. आणि सहसा वाक्यात माणसं दोन असतात. मला स्वतःला खायचं असेल तर साधं 'किएरो कोमेर'. तू खावंस असं मला वाटत असेल तर 'किएरो के कोमास'. मधला 'के' हा उंबरठा. अलीकडे इच्छा करणारा बसतो, पलीकडे काम करणारा उभा असतो. इच्छा एकाची, क्रियापद दुसऱ्याचं.

आमच्या ऑफिसचा सगळा कारभार या एका रूपात मावत होता. घरचा अभ्यास म्हणून दहा वाक्यं करून आणायची होती, मी दहाच्या दहा साहेबांवर केली. 'एल खेफे किएरे के यो त्राबाखे एल दोमिंगो', म्हणजे मी रविवारी काम करावं असं साहेबांना वाटतं. शिक्षिका म्हणाल्या, मुय ब्येन. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आपल्याकडे त्यासाठी 'करावं', 'यावं' आहे आणि जुनं 'होवो', 'लाभो' आहे. ते 'लाभो' आता वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तेवढं दिसतं. मधे गॉगल घातलेला कुणीतरी, खाली चाळीस जणांचे हात जोडलेले फोटो, आणि वर 'उदंड आयुष्य लाभो'. स्टेशनकडून ऑफिसला येताना असे पाच-सहा फ्लेक्स लागतात. त्या शब्दाची मला शिसारी बसली होती.

दिवाळीनंतर ग्राहकाला पाठवायच्या अहवालासाठी फोटो काढायला मला टेंभुर्णीच्या बाजूला पाठवलं. तिथे ज्यांच्या रानात गेले त्या काकू पन्नाशीच्या होत्या. पांढऱ्या जाळीचं शेड त्यांचं, राबणं त्यांचं. बी मात्र कंपनीचं. त्याला सगळे प्लॉट म्हणतात. दर साली कुणाला बी द्यायचं ते साहेब ठरवतात, आणि बी आलं नाही तर शेड म्हणजे नुसतं कापड. काकूंच्या हाताखाली गल्लीतल्या दहा बायका होत्या. प्लॉट मिळायच्या आधी त्या सगळ्या दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायच्या, मालक म्हणेल तेव्हा आणि म्हणेल तिथे. आता सकाळी किती वाजता यायचं ते त्यांच्या त्या ठरवत होत्या.

"चार वर्सं झाले ताई," काकू म्हणाल्या, "एक फळ भेसळीचं निघालं न्हाई माह्या प्लॉटमधी. साहेबांला इचारा."

काम टमाट्याच्या क्रॉसिंगचं. मादीच्या कळीच्या पोटातलं नराचं अंग चिमट्यानं उपटायचं, दुसऱ्या दिवशी नराच्या झाडाचं पोलन, म्हणजे पराग, बोटानं तिथे लावायचं आणि खूण म्हणून मागच्या हिरव्या पाकळ्या कापायच्या. दुपारी जेवताना मी वही काढून बसले होते. काकूंनी विचारलं, काय पाठ करून राह्यल्या? मी सांगितलं, शब्दाच्या शेवटचं अक्षर उपटायचं आणि दुसऱ्या जातीचं अक्षर लावायचं, मग तो शब्द इच्छा सांगतो.

"म्हंजे क्रॉसिंगच की ते," काकू म्हणाल्या. "मंग खूण काय करता?"

मी म्हणाले, खूण म्हणजे आधी येणारा 'के'. बायका हसल्या. पुण्याच्या शिक्षिकेनं तेवढ्यासाठी चौदा रंगीत पानं दाखवली होती.

शेडच्या मागे एक खड्डा होता. त्यात लालभडक टमाटे सडत पडले होते, वर माशांचा थर. आंबूस वास नाकात बसत होता. हे काय म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, नराच्या झाडाचे आहेत, काही कामाचे नाहीत, साहेबांनी पुरायला सांगितलंय. कारण मला माहीत होतं. मादीच्या झाडावरचं क्रॉस केलेलं फळ म्हणजे विकायचं बी. पण नराच्या झाडावरच्या फळात नराचंच बी असतं, आणि तो नर हे कंपनीचं गुपित. ज्याच्या हाती ते फळ पडेल त्याच्या हाती गुपित पडेल. म्हणून ते पुरायचं. हे राबणाऱ्यांना सांगायचं नाही असा कंपनीचा दंडक होता. कळलं तर विकतील, असं साहेब म्हणायचे. मीही गप्प बसले आणि ओढणी नाकाला लावून गाडीत जाऊन बसले.

संक्रांत झाल्यावर मेक्सिकोच्या बाई आल्या. साठीच्या, पांढरे केस, सुती शर्ट, गळ्यात निळा रुमाल. जन्म बियाण्यात गेलेला. जाळीत शिरल्या त्या वाकूनच, एकेक फळ उलटं करून कापलेल्या पाकळ्या भिंगातून बघत. साहेब मागे मागे, हातावर सॅनिटायझर चोळत. त्या दिवशी तोंडात सुपारी नव्हती, त्यामुळे काय करावं हे जबड्याला कळत नव्हतं.

"इचारा, सगळं बराबर हाय ना? अन् सांगा, पुढल्या साली डबल माल घ्या म्हणावं."

मी सांगितलं. 'एल सेन्योर एस्पेरा के उस्तेदेस कोम्प्रेन मास.' त्यांनी जास्त घ्यावं अशी साहेबांना आशा आहे. रूप बरोबर आलं होतं. मला तेवढ्यानंही बरं वाटलं, आणि साहेबांची हाव आपल्या जिभेवरून गेली म्हणून तोंड धुवावंसंही वाटलं.

पाहणी झाली. बाई खूश होत्या, फळात खोट नव्हती. निघायच्या वेळी काकू पुढे आल्या. हळदीकुंकवाचे दिवस होते, रथसप्तमी व्हायची होती. दारी आलेली बाई रिकाम्या हातानं कशी जाईल? त्यांनी पाहुणीला कुंकू लावलं, तिच्या गळ्यातला रुमाल काढून तिच्याच दोन्ही हातांवर पसरला आणि ओटी भरली. खण, नारळ, ओंजळभर गहू, आणि वर पाच लाल टमाटे, पुसून चकचकीत केलेले.

"सांगा ताई त्यांला," काकू म्हणाल्या. "लेकरंबाळं सुखी राहो. हातापायाला बळ मिळो. पुढल्या साली माह्या प्लॉटवर परत येवो."

मी अडखळले नाही. के बिबान ब्येन सुस इखोस, तुमची मुलं नीट जगोत. के रेग्रेसे, परत या. फ्लेक्सवर मेलेला तो 'ओ' काकूंच्या तोंडी धडधाकट होता आणि मला त्याचं स्पॅनिश करता येत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हे शिकले ते फुकट गेलं नाही. बाईंचे डोळे भरून आले. 'के रेग्रेसे,' त्या पुटपुटल्या.

मग काकू साहेबांकडे वळल्या. आपला सच्चेपणा साहेबांना कळावा असं त्यांना वाटत होतं.

"कंपनीच्या फळाला हात न्हाई लावला बरं का साहेब. हे नराचे हायेत. न्हाईतरी पुरतोच की आपण."

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं माणूस निघून गेलं. त्यांनी ओठ न हलवता मला म्हटलं, "ते टमाटे काढून घ्या. काई बी सांगा. जल्दी."

मी बाईंना म्हणाले, 'एस मेखोर के नो लोस येबे', तुम्ही हे नेऊ नयेत हे बरं, विमानतळावर अडवतील. त्यांनी एक टमाटा उचलला आणि उलटा केला. मागच्या पाकळ्या अखंड होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि सगळं समजल्या. पाचही टमाटे एकेक करून त्यांनी साहेबांच्या ओंजळीत ठेवले. नारळ, गहू आणि खण तेवढे रुमालात बांधले. काकूंना वाटलं फळं जड होत असतील. त्या म्हणाल्या, चार ठिवा, एक तरी नेऊ द्या.

मग बाई माझ्याजवळ आल्या आणि मला नीट कळावं म्हणून सावकाश बोलल्या.

'नो किएरो के कास्तिगेन आ ला सेन्योरा.' या बाईंना शिक्षा व्हावी हे मला नको आहे. हे तुमच्या साहेबांना सांगा.

अगदी घरच्या अभ्यासातलं वाक्य. 'कास्तिगार', शिक्षा करणे, शेवटी 'आर' म्हणून 'ए'. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. एकेक अक्षर कळलं. या एका वाक्यानं प्लॉट वाचला असता. एवढ्या मोठ्या ग्राहकाचा शब्द साहेबांनी खाली पडू दिला नसता, हेही मला तिथेच कळलं.

"काय म्हणल्या?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या ओंजळीत पाच टमाटे होते आणि कानशिलावरची शीर उडत होती.

ते वाक्य बाईंचं होतं, पण निघणार माझ्या तोंडून होतं. साहेबांचा राग बाईंवर निघणं शक्य नव्हतं, तो माझ्यावर निघाला असता. तुम्हीच तिचे कान भरले, असं ते म्हणाले असते. निर्यात विभागाची जबाबदारी माझ्याकडे द्यायचं चाललं होतं, अजून सही व्हायची होती. हे सगळं मी एका श्वासात मोजलं. इतक्या झटपट मला क्रियापद कधी चालवता आलं नव्हतं.

"गाडीत पाणी आहे का विचारतात," मी म्हणाले.

साहेबांनी ड्रायव्हरला पिटाळलं. पाण्याची बाटली आली, साहेबांनी टमाटे ड्रायव्हरच्या हाती दिले आणि स्वतः झाकण उघडून बाटली बाईंच्या हातात दिली. बाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. 'ग्रासियास,' त्या मला म्हणाल्या. पाणी प्यायल्या नाहीत.

परतताना त्या पुढच्या गाडीत होत्या. आमच्या गाडीत साहेबांनी खिडकी खाली करून पाचही टमाटे टाचेखाली चिरडायला ड्रायव्हरला उतरवलं, मग सुपारी तोंडात टाकली. "त्या बाईला पुढल्या साली बी द्यायचं न्हाई. लिहून ठिवा." माझ्या मांडीवर स्पॅनिशची वही होती. तिच्याच मागच्या पानावर मी लिहून ठेवलं.

पंधरा दिवसांनी बाईंचं पत्र आलं. मजकूर कामाचा होता, आणि शेवटी एक ओळ होती: त्या सेन्योरा पुढच्या वर्षीही तुमच्याबरोबर काम करतील अशी मला आशा आहे. 'त्राबाखे', तेच रूप, जे मी रविवारच्या वाक्यात वापरलं होतं. पत्राचं मराठी करून साहेबांना द्यायचं होतं. ही ओळ घातली असती तर शेडमध्ये त्या काय म्हणाल्या होत्या तेही निघालं असतं. मी ओळ गाळली. पहिल्या वेळी घाबरले होते असं स्वतःला सांगता येत होतं. या वेळी पंखा चालू होता, चहा समोर होता आणि कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

उन्हाळ्यात मी परीक्षा पास झाले. कंपनीनं सत्कार केला. शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, प्रमाणपत्राला चौकट करून ते भिंतीवर त्या इंग्रजी वाक्यांच्या रांगेत लावलं. निर्यात विभाग माझ्याकडे आला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला. हात ओलसर होता. मी नंतर नळावर जाऊन तीनदा साबण लावला आणि तरी वास गेला नाही, तेव्हा तो त्यांच्या हाताचा नसावा असं मला वाटलं.

गणपती उठल्यावर काकूंचा फोन आला.

"ताई, ओळखलं का? टेंभुर्णीहून बोलून राह्यले. बाकी समद्यांचं बी आलं, आपलंच आलं न्हाई. शेड झाडून-पुसून ठिवलंय. दहाच्या दहा जणी रोज येऊन इचारून जातात. साहेब फोन उचलीना."

मी म्हणाले, बघते.

"आमचं काई चुकलं का?"

मी म्हणाले, नाही हो काकू.

"मंग उशीर झाला आसंल," त्या म्हणाल्या. "अन् एक इचारायचंच राह्यलं व्हतं बघा. त्या पाहुण्या बाई जाताना तुमच्यापाशी काईतरी बोलल्या. माह्याकडं बघून बोलल्या, मी पाह्यलं. काय म्हणल्या व्हत्या?"

वही टेबलावरच होती. दोन खाने, एका बाजूला 'ए', दुसऱ्या बाजूला 'आ'. वाक्य मला पाठ होतं, आजही आहे.

"तुमचं भलं होवो म्हणाल्या," मी म्हणाले.

"खरंच?"

"हो."

फोनवर कुणाला तरी ओरडून सांगितल्याचा आवाज आला, अगं, भलं होवो म्हणल्या व्हत्या. मागे बायका काहीतरी बोलल्या.

"मंग येईलच बी," काकू म्हणाल्या. "एवढी मोठी बाई म्हणून गेली म्हणल्यावर."